झोटेरोतल्या शीर्षकांची कॅपिटल अक्षरं स्क्रिप्टने कशी सुधारायची

मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा भेद देवनागरीत नाही. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या संशोधकाच्या नजरेला इंग्रजी संदर्भसूचीतला हा घोळ पटकन दिसत नाही. प्रबंधाचा मसुदा गाइडकडून परत येतो तेव्हा समासात शेरा असतो, ‘शीर्षकं एकसारखी करा’. बघावं तर एका नोंदीत जवळजवळ प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतोय, दुसरीत फक्त पहिला शब्द, आणि तिसरी नोंद अख्खीच्या अख्खी कॅपिटलमध्ये आहे. यात तुमची चूक फारशी नसते. नोंदी जिथून उचलल्या तिथली पद्धत त्यांच्याबरोबर आली. वैद्यकीय लेखांची सूची असलेलं पबमेड शीर्षक साध्या वाक्यासारखं देतं. लेखांचे ओळखक्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडची माहिती प्रकाशक जशी भरतील तशी असते. काही ग्रंथालयांच्या तालिकांत सगळंच मोठ्या अक्षरांत असतं.

हा लेख झोटेरो वापरणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून 2006 मध्ये बाहेर पडलेलं, संदर्भ साठवून त्यांची सूची बनवून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात जावास्क्रिप्ट चालवायची खिडकी आधीपासूनच दिलेली आहे. प्रोग्रॅमिंग आलं पाहिजे असं नाही. दहाबारा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञा, वाचून समजून घ्यायची तयारी मात्र हवी.

एक खूण ठरवून घेऊ. या लेखात ज्या अक्षराआधी ^ ही टोपी दिसेल ते रोमनमध्ये कॅपिटल आहे असं समजा. समजा एका लेखाचं शीर्षक असं आलं आहे:

^कॉटन अँड ^क्रेडिट इन द ^बॉम्बे ^डेक्कन: ^अ ^स्टडी ऑफ ^मनीलेंडर्स

याला टायटल केस म्हणतात. हेच सेंटेन्स केसमध्ये:

^कॉटन अँड क्रेडिट इन द ^बॉम्बे ^डेक्कन: अ स्टडी ऑफ मनीलेंडर्स

डेटाबेसमध्ये कोणतं रूप ठेवायचं

सेंटेन्स केस. तुमच्या विभागाची संदर्भ लिहिण्याची शैली कुठलीही असो. एपीए (सातवी आवृत्ती, 2019) लेखांची आणि पुस्तकांची शीर्षकं सेंटेन्स केसमध्ये मागते, वैद्यकातली व्हँकुव्हरही तसंच मागते. एमएलए आणि शिकागोला टायटल केस लागतो. सूची बनवताना झोटेरो सेंटेन्स केसचा टायटल केस करून देतो, उलटं करत नाही. कारण उघड आहे. लहान अक्षर मोठं करायला नियम पुरतो, पण मोठं अक्षर लहान करताना ‘बॉम्बे’ हे गावाचं नाव आहे आणि ‘कॉटन’ नाही, हे माहीत असावं लागतं. तेवढी माहिती यंत्राकडे नसते, तुमच्याकडे असते. पुढच्या सगळ्या खटाटोपात स्क्रिप्टचं काम हमालीचं आहे आणि निर्णय तुमचा.

टायटल केसचे नियमही शैलीगणिक फिरतात. ‘विथ’ हा शब्द एपीएच्या टायटल केसमध्ये मोठा होतो, कारण चार किंवा जास्त अक्षरांचे शब्द मोठे. शिकागोत तो लहानच राहतो. शिकागोच्या 2024 च्या अठराव्या आवृत्तीने पाच अक्षरांपासून पुढची शब्दयोगी अव्ययं मोठी करायला सांगितली, त्याआधी सगळीच लहान होती. डेटाबेसमध्ये एकदा ‘विथ’ मोठा गोठवला की शैली बदलताना प्रत्येक वेळी तो उकरून काढत बसावं लागतं.

कोलननंतरचं अक्षरही लहानच ठेवा, विशेषनाम असेल तर गोष्ट वेगळी. एपीएला ते मोठं लागतं, पण तेवढं झोटेरो सूची बनवताना स्वतः करतो.

नोंदी कमी असतील तर स्क्रिप्ट नको

शंभराच्या आत नोंदी असतील तर हाताने करा. उजवीकडच्या माहितीच्या पट्टीत शीर्षकावर राइट-क्लिक केलं की ‘ट्रान्सफॉर्म टेक्स्ट’ आणि त्यात ‘सेंटेन्स केस’ मिळतं. ते दाबायचं, ‘बॉम्बे’, ‘डेक्कन’ परत मोठे करायचे, पुढच्या नोंदीवर जायचं. एक दुपार जाते आणि डोक्याला ताप होत नाही. चार-पाचशेच्या पुढे आकडा गेला की स्क्रिप्टचा विचार करावा.

आधी बॅकअप

झोटेरोत स्क्रिप्टने केलेला बदल कंट्रोल-झेडने मागे जात नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये सिंक (सर्व्हरवरच्या प्रतीशी जुळवणं) विभागात जाऊन आपोआप सिंक होण्याची टिक काढा. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ मध्ये डेटा डिरेक्टरी कुठे आहे ते बघा, झोटेरो बंद करा आणि तिथल्या झोटेरो डॉट एसक्यूलाइट या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा. पीडीएफ ‘स्टोरेज’ फोल्डरमध्ये असतात, त्यांना आपण हात लावणार नाही. शीर्षकं सगळी या एका फाइलमध्ये आहेत. सिंक बंद करायचं ते अशासाठी की चुकलेले बदल एकदा सर्व्हरवर चढले, तर जुनी फाइल परत ठेवूनही पुढच्या सिंकला ते पुन्हा खाली उतरतात.

ती फाइल एसक्यूलाइट प्रकारचे डेटाबेस उघडणाऱ्या एखाद्या साधनात उघडून थेट ‘अपडेट’ची आज्ञा द्यावी असं कोणी सुचवेल. देऊ नका. झोटेरोला न सांगता बदललेली नोंद बदलली आहे हे सिंकला कळत नाही, शिवाय डेटाबेस खराब होण्याचा धोका आहेच. वाचायला उघडायची तर खुशाल उघडा, लिहिणं झोटेरोच्या दारातूनच.

भाषेचा रकाना भरा

ही पायरी सगळे टाळतात, आणि मराठी विषयावर काम करणाऱ्याचं खरं नुकसान इथेच होतं. प्रत्येक नोंदीत ‘लँग्वेज’ नावाचा रकाना असतो. इंग्रजीसाठी तिथे ई-एन, मराठीसाठी एम-आर, जर्मनसाठी डी-ई ही दोन-दोन लहान अक्षरं, मध्ये रेघ न देता, लिहायची.

रोमन लिपीत लिहिलेलं मराठी शीर्षक घ्या, ‘^महाराष्ट्रातील शेती आणि सावकारी’ असं काहीतरी. रकाना रिकामा असेल तर इंग्रजी शैलीत झोटेरो त्याला इंग्रजीच समजतो आणि एमएलएमध्ये ‘^शेती ^आणि ^सावकारी’ करून ठेवतो. तिथे एम-आर लिहिलं की तो त्या शीर्षकाला हातच लावत नाही. आपली स्क्रिप्टसुद्धा हाच रकाना बघून ठरवणार आहे. जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं, आणि भारतविद्येवरच्या सूचीत जर्मन नोंदी निघतातच. स्क्रिप्टने त्या सरसकट लहान केल्या की झाली चूक. वरच्या शोधाच्या चौकटीत किंवा सेव्ह्ड सर्चने इंग्रजीखेरीजच्या नोंदी वेगळ्या काढा आणि त्यांचा रकाना भरूनच पुढे जा.

विशेषनामांची यादी

स्क्रिप्टचा दर्जा या यादीवर ठरतो. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीवर एक नाव लिहा: बॉम्बे, पूना, डेक्कन, कोंकण, मराठा, मराठी, दलित, पेशवा, ब्रिटिश. जोडनावं वेगळी नोंदवा, जसं ‘^बॉम्बे ^प्रेसिडेन्सी’ किंवा ‘^इंडियन ^ओशन’. नुसता ‘ओशन’ यादीत टाकून चालणार नाही, तो एरवी लहानच हवा. बदल करताना लांब नावं आधी आणि एकेरी नंतर.

यादी आठवून करायची नसेल तर एक युक्ती आहे. बऱ्याच नोंदींबरोबर लेखाचा गोषवाराही आलेला असतो, झोटेरोत तो ‘अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’च्या रकान्यात बसतो. गोषवारा सरळ गद्यात असतो, तिथे टायटल केस नसतो. म्हणजे शीर्षकातला एखादा शब्द गोषवाऱ्यात वाक्याच्या मध्ये येऊनही कॅपिटलनेच सुरू होत असेल, तर ते बहुधा विशेषनाम. तोच शब्द तिथे लहान अक्षराने दिसला तर नाही. ही तुलना करणारी छोटी स्क्रिप्ट आधी चालवली की यादीतली बरीच नावं तुमच्याच संग्रहातून निघतात.

काही शब्द यादीत मुद्दाम टाकायचे नाहीत. ‘पाटील’ हे आडनावही आहे आणि गावचा पाटीलही. ‘टिळक’ रोमनमध्ये लिहिलं की लोकमान्य आणि कपाळावरचा टिळा एकच दिसतात. इंग्रजीत ‘मे’ महिना आणि ‘मे’ क्रियापद, ‘मार्च’ महिना आणि ‘मार्च’ म्हणजे मोर्चा, तसंच ‘पोलिश’ आणि ‘पॉलिश’. यांची वेगळी यादी करा आणि ते शब्द ज्या शीर्षकात येतील ती शीर्षकं स्वतः वाचा.

पहिली फेरी, नुसतं बघण्याची

‘टूल्स’ मेनूत ‘डेव्हलपर’, त्यात ‘रन जावास्क्रिप्ट’. उघडणाऱ्या खिडकीत ‘रन अ‍ॅज एसिंक फंक्शन’वर टिक करा. मूळ खिडकीत आधी पंधरावीस नोंदी निवडून ठेवा. पहिल्या स्क्रिप्टने काहीही बदलायचं नाही, जुनं आणि नवं शीर्षक शेजारी-शेजारी दाखवायचं:

लेट यादी = [];
फॉर (लेट नोंद ऑफ ^झोटेरो^पेन.गेट^सिलेक्टेड^आयटम्स()) {
इफ (!नोंद.इज^रेग्युलर^आयटम()) कंटिन्यू;
लेट भाषा = नोंद.गेट^फील्ड('लँग्वेज');
इफ (भाषा && !भाषा.स्टार्ट्स^विथ('ईएन')) कंटिन्यू;
लेट जुनं = नोंद.गेट^फील्ड('टायटल').नॉर्मलाइझ('^एन^एफ^सी');
लेट नवं = वाक्यरूप(जुनं);
इफ (जुनं !== नवं) यादी.पुश([नोंद.आयडी, जुनं, नवं].जॉइन('\टी'));
}
रिटर्न यादी.जॉइन('\एन');

इंग्रजी शब्द अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे आणि टोपीच्या जागी कॅपिटल काटेकोर पाळायचं, जावास्क्रिप्ट त्याबाबत कुठल्याही गाइडपेक्षा कडक आहे. गंमत म्हणजे यादी, नोंद, जुनं, नवं ही आपण दिलेली नावं देवनागरीत ठेवली तरी चालतात.

तिसऱ्या ओळीशिवाय जोडलेल्या पीडीएफ आणि टिपाही यात घुसतील, ती गाळू नका. ‘नॉर्मलाइझ’ कशाला? रोमन लिपीत ‘शिवाजी’ किंवा ‘महाराष्ट्र’ लिहिताना अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं देतात. तेच अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलेलं असू शकतं, एकसंध किंवा मूळ अक्षर आणि चिन्ह वेगवेगळं. डोळ्याला फरक दिसत नाही, स्क्रिप्टला दिसतो, आणि यादीतलं नाव शीर्षकात असूनही तिला सापडत नाही. यादीच्या फाइललाही हाच संस्कार करा.

आता ‘वाक्यरूप’. हे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा संच, तुम्हाला वरच्या ओळींच्या आधी लिहायचं आहे. शीर्षक मोकळ्या जागांवर तोडा. पहिला शब्द तसाच राहू द्या, पूर्णविराम किंवा प्रश्नचिन्हानंतरचा शब्दही. ज्या शब्दात पहिल्याखेरीज आणखी एखादं कॅपिटल आहे तो सोडून द्या, त्यामुळे युनेस्को, डीएनए, रोमन आकड्यातला दोन हे वाचतात. बाकीचे सगळे लहान करा, मग यादीतली नावं परत मोठी करा. नाव शोधताना शब्दाला चिकटलेला कोलन, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह आणि शेवटचा मालकी दाखवणारा ‘एस’ बाजूला काढा, नाहीतर ‘डेक्कन:’ हा ‘डेक्कन’ नव्हे असं स्क्रिप्ट ठरवेल. ‘^हिंदू-^मुस्लिम’ सारख्या जोडशब्दाचे दोन्ही भाग वेगळे तपासा.

शब्दाची सीमा ओळखायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रातलं) ‘बॅकस्लॅश बी’ वापरायचा मोह होईल. जावास्क्रिप्टमध्ये ते साध्या इंग्रजी अक्षरांपुरतंच शहाणं आहे. रेघ असलेला ‘आ’ आला की तिथेच शब्द संपला असं त्याला वाटतं आणि नावाचे तुकडे होतात. मोकळ्या जागेवर तोडणं साधं आहे आणि इथे तेच बरं.

अख्ख्या कॅपिटलमधली शीर्षकं

ही वरच्या नियमात बसत नाहीत, कारण प्रत्येकच शब्दात एकाहून जास्त कॅपिटल असतात आणि स्क्रिप्ट त्यांना सोडून देते. ती ओळखायची खूण सोपी वाटते, शीर्षक ‘टू^अपर^केस’ करून मूळ शीर्षकाशी जुळलं की ते सगळं कॅपिटल. पण ही परीक्षा देवनागरी शीर्षकही पास होतं! त्यात कॅपिटल नसल्यामुळे मोठं करूनही ते जसंच्या तसं राहतं. भाषेचा रकाना रिकामा राहिलेल्या तुमच्या सगळ्या मराठी नोंदी या यादीत येऊन बसतील. म्हणून दुसरी अट जोडा: ‘टू^लोअर^केस’ केल्यावर शीर्षक बदललं पाहिजे.

या नोंदी आधी पूर्ण लहान करून, पहिलं अक्षर मोठं करून मग नावांच्या यादीतून काढता येतात. पण इथे माहिती मुळातच पुसली गेलेली आहे. अमेरिकेचं लघुरूप ‘यूएस’ आणि इंग्रजी सर्वनाम ‘अस’, आरोग्य संघटना आणि ‘हू’, एड्स आणि ‘एड’चं अनेकवचन हे अख्ख्या कॅपिटलमध्ये तंतोतंत सारखे दिसतात. माझं मत विचाराल तर या हातानेच कराव्यात. त्यांची संख्या सहसा थोडी असते.

स्प्रेडशीटमध्ये वाचा

पहिल्या फेरीचा निकाल खिडकीत मजकूर म्हणून येतो. तो कॉपी करून स्प्रेडशीटमध्ये चिकटवा, टॅबमुळे आपोआप तीन रकाने पडतात: आयडी, जुनं, नवं. आता तिसरा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. खरं काम इथे आहे, याला बगल नाही. चुकलेलं नाव तिथेच दुरुस्त करा आणि तेच नाव पुन्हा-पुन्हा चुकत असेल तर यादीत टाकून फेरी परत चालवा. टाइप करताना स्प्रेडशीट स्वतःच्या अकलेने काही बदलत नाही ना, यावर लक्ष ठेवा, त्यातलं ऑटोकरेक्ट बंद केलेलं बरं.

हे वाचन एआयकडे सोपवायचा विचार मनात येईल. संशयाच्या जागा दाखव एवढं विचारायला हरकत नाही. पण शीर्षकं ‘सुधारून दे’ म्हटलं तर मधूनच एखादा शब्दही सुधारून मिळू शकतो, आणि संदर्भसूचीत ते परवडत नाही. परत आलेलं शीर्षक घेतलंच तर जुनं आणि नवं दोन्ही पूर्ण लहान करून एकमेकांशी जुळवून बघा. अक्षरांच्या आकाराशिवाय फरक निघाला तर ती ओळ रद्द.

दुसरी फेरी, लिहिण्याची

तपासलेले तिन्ही रकाने कॉपी करून नव्या स्क्रिप्टमध्ये मजकूर म्हणून ठेवा, ओळींवर आणि टॅबवर तोडा. प्रत्येक ओळीसाठी ‘अवेट ^झोटेरो.^आयटम्स.गेट^एसिंक(आयडी)’ने नोंद मिळवा. तिचं सध्याचं शीर्षक दुसऱ्या रकान्यातल्या जुन्याशी जुळतं का बघा, इथेही ‘नॉर्मलाइझ’ करूनच. नाही जुळलं तर ती नोंद सोडा. जुळलं तर:

नोंद.सेट^फील्ड('टायटल', नवं);
नोंद.अ‍ॅड^टॅग('शीर्षक-सुधारित');
अवेट नोंद.सेव्ह^टीएक्स();

आयडी हा आकडा त्या संगणकापुरताच असतो. घरच्या लॅपटॉपवर पहिली फेरी आणि विभागातल्या संगणकावर दुसरी, असं करू नका. टॅग यासाठी की बदललेल्या नोंदी नंतर एका क्लिकवर समोर याव्यात. आधी वीस नोंदींवर चालवा, उघडून बघा, मग बाकीच्या.

शीर्षक झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. ‘शॉर्ट^टायटल’ रकान्यातही तोच घोळ असतो, तळटिपांत पुन्हा येणारं लघुशीर्षक तिथून उचललं जातं. संपादित ग्रंथातल्या प्रकरणाची नोंद असेल तर ग्रंथाचं नाव ‘बुक^टायटल’मध्ये असतं आणि एपीएला तेही सेंटेन्स केसमध्ये लागतं. पण हा रकाना प्रकरणाच्या नोंदीलाच असतो. नियतकालिकातल्या लेखावर तो लिहायला गेलात तर स्क्रिप्ट एरर देऊन तिथेच थांबते, म्हणून आधी नोंदीचा प्रकार तपासा. नियतकालिकाचं नाव मात्र कुठल्याच फेरीत घेऊ नका. ते टायटल केसमध्येच राहतं, एपीएतसुद्धा.

शास्त्रीय नावं आणि लाटेक

कृषी किंवा वनस्पतिशास्त्रातल्यांना उलटा त्रास होतो. भाताचं शास्त्रीय नाव ‘^ओरायझा सटायव्हा’. यातला दुसरा शब्द कायम लहान हवा, पण टायटल केसच्या शैलीत झोटेरो तोही मोठा करतो. अशा शब्दांना शीर्षकातच एचटीएमएलच्या ‘स्पॅन’ टॅगमध्ये ठेवून त्याचा ‘क्लास’ ‘नोकेस’ असा द्यायचा. मग त्यांच्या अक्षरांना कोणी हात लावत नाही. तिरक्या अक्षरांसाठी ‘आय’ टॅग वेगळा. आपल्या स्क्रिप्टला हे टॅग कळत नाहीत, म्हणून कोनी कंस असलेली शीर्षकं तिने सोडून द्यावीत अशी एक अट घाला.

लाटेक या मांडणीच्या प्रणालीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी झोटेरोत सेंटेन्स केस ठेवून बेटर बिबटेक हे प्लगइन वापरावं. लाटेकची संदर्भसूची बनवणाऱ्या बिबटेकच्या काही शैली लेखांची शीर्षकं स्वतः लहान करतात आणि महिरपी कंसातली अक्षरं तेवढी सोडतात. हे प्लगइन निर्यात करताना विशेषनामांना कंस घालून देतं. अख्खं शीर्षकच दुहेरी कंसात टाकायची सवय असेल तर ती मोडा, त्याने शैलीला काहीच बदलता येत नाही.

शेवटी टॅग लावलेल्या नोंदींपैकी काही निवडा, राइट-क्लिक करून ‘क्रिएट बिब्लिओग्राफी’ने एकदा एपीएत आणि एकदा एमएलएत सूची काढून शेजारी ठेवा. एपीएत शहरांची नावं मोठी आणि बाकी लहान, एमएलएत जवळपास सगळे शब्द मोठे, रोमन मराठी शीर्षकं दोन्हीकडे सारखी, असं दिसलं की सिंकची टिक परत लावा. ग्रुप लायब्ररीत काम केलं असेल तर टिक लावण्याआधी सहकाऱ्यांना कळवा, शेकडो नोंदी एकदम बदललेल्या दिसल्या की कोणीतरी घाबरून जुनी प्रत परत चढवतं.